बुधवारची सभा आणि तिच्यामागचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी महिला मंडळांच्या इतिहासावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवी शिकलेली, चूल आणि गोठा सांभाळणारी बाई. इतिहास लिहिणे हे खरे तर विद्वानांचे काम. पण वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याची गोडी मला आहे, आणि या विषयाची आपल्याला सध्या गरजही आहे, म्हणून होकार दिला.

गरज अशी की, येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना यायची आहे. बचतीचा हप्ता आता फोनवरून भरता येतो; तेव्हा दर बुधवारची सभा बंद करावी, आणि संक्रांतीचे हळदीकुंकू व वर्धापनदिन असे वर्षातून दोनदाच जमावे, अशी ती सूचना आहे. सूचना मांडणाऱ्या भगिनी माझ्या जिवाभावाच्या आहेत आणि त्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. तरी मत देण्यापूर्वी आपल्या आधीच्या बायकांनी मंडळे कशी उभी केली, हे एकदा पाहावे असे मला वाटते.

आपल्या पुणे जिल्ह्यातली सर्वांत जुनी हकीकत सावित्रीबाई फुले यांची आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपल्याला ठाऊक असते. पण १८५२ साली त्यांनी महिला सेवा मंडळ काढले आणि संक्रांतीला तिळगुळाचा समारंभ केला, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसते. चरित्रकार सांगतात की, त्या समारंभाच्या आमंत्रणातच स्पष्ट लिहिले होते, बाई कोणत्याही जातीची असो, सर्वांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू होईल. त्या काळात एका आळीतली बाई दुसऱ्या आळीच्या ओट्यावर चढत नसे. हळदीकुंकू पूर्वीपासून होतेच. नवे होते ते जाजम. पुढे १८७७ च्या दुष्काळात फुले पतिपत्नींनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालविली. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच तो रोग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. सेवा म्हणजे काय, हे या बाईंनी शेवटच्या श्वासापर्यंत दाखविले. पण तिची सुरुवात बायकांना शेजारी शेजारी बसविण्यापासून झाली होती, हे आपण ध्यानात ठेवावे.

पुढची गोष्ट पंडिता रमाबाईंची. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी ठरल्या दिवशी जमायचे, कोणी काही वाचून दाखवायचे, त्यावर बोलायचे, एवढाच त्याचा व्यवहार. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण सभेला जाणारी बाई म्हणजे घर बुडविणारी बाई, असे तेव्हा लोक उघड म्हणत. या सभांना जाणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई होत्या. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि शिक्षण झाले ते लग्नानंतर, पतीच्या हाताखाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा या शिक्षणाला आणि सभांना सक्त विरोध होता. दिवसभर टोमणे ऐकायचे, घरचे काम तर एकही चुकवायचे नाही, आणि तरी अभ्यासाचा वेळ काढायचा, असे त्यांचे दिवस गेले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली निघाले. मी ते दोनदा वाचले. ज्या बाईला घरातून बाहेर पडताना दहा जणांची तोंडे पाहावी लागतात, तिने ते अवश्य वाचावे.

१९०१ साली न्यायमूर्ती वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या. दुःख थोडे ओसरल्यावर त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. त्यांच्या घरी बायका जमू लागल्या. आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी त्या कामात त्यांना मोठी साथ दिली. शाळेचे वय निघून गेलेल्या, लग्न झालेल्या, नवरा गेलेल्या बायकांनी घरचे आवरून यायचे आणि लिहिणे, वाचणे, हिशेब, शिवण शिकायचे, असे हे वर्ग होते. त्यांतून पुढे शिक्षिका तयार झाल्या. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायलाही सेवासदनाच्या बायका गेल्या. परक्या माणसाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे काम चांगल्या घरच्या बाईचे नव्हे, अशी तेव्हा समजूत होती. तरी त्या गेल्या. १९२४ साली रमाबाई वारल्या तेव्हा सेवासदनात हजारावर बायका शिकत होत्या. टपालखात्याने १९६२ साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

हिंगण्याच्या संस्थेची हकीकतही अशीच आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो १९०० साली हिंगण्याला गेला आणि १९१६ साली त्यातून महिला विद्यापीठ झाले. अण्णांचे नाव सर्वांना माहीत आहे. १९५८ साली ते भारतरत्न झाले. पण संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या त्या त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले. त्या लहान वयात विधवा झाल्या होत्या आणि त्यांचा अभ्यास विशी उलटल्यावर सुरू झाला. या बाई १९१८ साली अमेरिकेला गेल्या. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि संस्थेसाठी मदतही मिळविली. कोकणातली एक विधवा बाई एवढे धैर्य कोठून आणते? मला वाटते, आपल्यासारख्याच बाया एका खोलीत बसून शिकत आहेत, हे तिने आधी डोळ्यांनी पाहिले, त्यातून ते आले.

शहरातली ही रीत खेड्यात यायला वेळ लागला. १९४४ साली कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ खेड्यातल्या बायकामुलांसाठी निधी जमला आणि आपल्या जिल्ह्यात सासवडच्या आश्रमात प्रेमाताई कंटक यांनी ग्रामसेविका घडविण्याचे काम केले. १९५२ साली २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समाजकल्याण मंडळ झाले. मग गावोगाव महिला मंडळे, बालवाड्या आणि शिवणवर्ग निघाले. १९७५ साली अंगणवाडी आली. त्याच साली राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि बचत गटांना पुढे त्याचा आधार मिळाला.

१९७५ सालचीच आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याला जवळची वाटेल. जुन्नर आंबेगावचे किती तरी पुरुष मुंबईला गिरणीत होते. बायकापोरे गावी, आणि गडी तिकडे खाणावळीत जेवायचा. त्या खाणावळी चालविणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र केले, अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकेकटी बाई बँकेच्या दारात गेली असती तर तिला कोणी विचारले नसते. आपल्या आजोबांच्या, सासऱ्यांच्या पोटात गेलेली भाकरी अशाच बायकांच्या हातची होती.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांची हकीकत तर सर्व बचत गटांनी पाठ करावी अशी आहे. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर त्यांनी बायकांची बँक काढायचे ठरविले. सह्यांऐवजी अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला. बायका खचल्या नाहीत. त्यांनी वर्ग घेतले, लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवितो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

भगिनींनो, या सर्व हकीकतींत मला एकच क्रम दिसतो. आधी बायका एकत्र बसल्या. बसल्यावर काही शिकल्या. शिकल्यावर सेवेचे काम हाती घेतले, आणि त्याच्या मागोमाग पैसा आला. पैसा पहिला आणि बसणे शेवटी, असे एकाही संस्थेत घडलेले नाही.

आता आपल्या घोडेगावकडे वळते. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही, ही पहिली खबर एस.टी.च्या चालकाने दिली. दीडशेवर माणसे गेली. तो दिवस नेमका बुधवार होता. दुपारी आपण जाजमावर जमलो त्या रडतच. पण जमलो होतो, म्हणून कोणी पीठ आणायचे, कोणाच्या चुली पेटवायच्या, भाकऱ्या कोणाच्या गाडीतून डिंभ्याच्या रस्त्याने वर धाडायच्या, हे अर्ध्या तासात ठरले. पाऊस चालूच होता. पुढे कित्येक दिवस आपल्या भाकऱ्या जात होत्या. २०२० साली टाळेबंदीत मुखपट्ट्या शिवल्या त्याही आपल्या जुन्या शिवणवर्गातल्या भगिनींनीच. आपल्यातल्या ज्या भगिनी ग्रामपंचायतीत सदस्य झाल्या, त्यांनी इतिवृत्त वाचणे आणि सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे याची सवय आधी आपल्या सभेत केली. १९९३ सालच्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत जागा मिळाल्या आणि २०११ साली आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. पण जागेवर बसून बोलायचे कसे, हे कायदा शिकवीत नाही.

एक गोष्ट नाव न घेता सांगते. आपल्यातल्या एका भगिनीचे यजमान अचानक वारले. तिचा हप्ता एकदाही चुकला नाही. वहीत पाहिले तर सर्व सुरळीत होते. पण दोन बुधवार ती नुसती खाली मान घालून बसली. तिसऱ्या बुधवारी शेजारी बसलेल्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळले की, सातबाऱ्यावर तिचे आणि मुलींचे नाव लावायचेच राहून गेले होते आणि घरात जमीन विकण्याची बोलणी चालली होती. दुसऱ्या दिवशी चौघी जणी तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेल्या. वारसनोंदीचा अर्ज झाला, मृत्यूचा दाखला जोडला, फेरफार झाला. आज तिचे नाव सातबाऱ्यावर आहे आणि धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. हप्ता फोनवर भरला असता तर तो वेळेवर पोहोचला असता. तिचे दुःख मात्र पोहोचले नसते.

दुसरे असे की, वर्षातून एकदा हळदीकुंकू एवढेच शिल्लक राहिले तर अशा भगिनींनी कोठे यायचे? आपण सर्वांना आमंत्रण देतो, हे खरे. पण कुंकू पुसलेली बाई दारातूनच परत जाते, हेही आपण पाहतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो आपण सभेत वाचला होता. बुधवारच्या जाजमावर कोणी कपाळ पाहत नाही. रमाबाई आणि पार्वतीबाई यांनी ज्यांच्यासाठी जन्म वेचला, त्यांची जागा ती आहे.

तरुण भगिनींच्या अडचणी मी विसरलेली नाही. कोणी कारखान्यात जाते, कोणी अंगणवाडीत, कोणाची भाताची लावणी असते, कोणी हिरडा गोळा करायला पहाटे रानात जाते. गॅस आला तरी बाईचा दिवस मोकळा झाला नाही. म्हणून मी अशी विनंती करते की, हप्ता खुशाल फोनवर भरा. त्यात वेळ वाचतो तो चांगलाच आहे. दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोन बुधवार ठेवा. लावणीच्या दिवसांत एकच ठेवा. पण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, दीड तास सर्वांनी जाजमावर बसावे, एकीने काही वाचून दाखवावे, आणि उठण्यापूर्वी प्रत्येकीने दोन वाक्ये तरी बोलावीत, एवढा नियम राहू द्या. चिटणीसबाईंनी तो ठराव म्हणून मांडावा. मी अनुमोदन देईन.

बुधवारी अवश्य यावे.