सातव्या वर्षाआधीचे मूल

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात आरंभिला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सर्व बडोदे संस्थानास लागू केला, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या कायद्यातील एक तपशील मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. सक्तीचे वय मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा असे होते. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडलेले आणि पुढे फेटाळले गेलेले विधेयकही सहाव्या वर्षापासूनचाच विचार करीत होते. त्याआधीचे मूल सर्वस्वी घराच्या स्वाधीन. ज्या घरात पाटी होती, पोथी होती, गोष्ट सांगणारी आजी होती, तेथील मूल शाळेसाठी तयार होऊन येई. जेथे आईबाप दोघेही मजुरीस जात, तेथील मूल पहिल्या दिवसापासूनच मागे पडे.

ही उणीव भरून काढण्याचा उद्योग सरकारच्या आधी समाजाने केला, आणि त्याची एक महत्त्वाची वाट गुजरातीतून मराठीत आली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर उघडले. गिजुभाई मूळचे वकील. पुत्राच्या शिक्षणाच्या काळजीतून ते मारिया माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले. रोममध्ये १९०७ साली माँटेसरीबाईंनी सुरू केलेल्या बालगृहाची तत्त्वे त्यांनी स्वीकारली, परंतु जशीच्या तशी उचलली नाहीत. माँटेसरीबाईंनी परीकथांना दूर ठेवले होते. गिजुभाईंनी लोककथा, गाणी आणि नाटुकली यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. गुजरातने त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, असे नाव दिले.

१९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक भावनगरास गेल्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या पदवीधर मराठी विदुषीने गुजराती भाषा आत्मसात करून गिजुभाईंच्या खांद्यास खांदा लावून काम केले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार काढला. आपल्यासारख्या, परभाषी प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना हा प्रवास विशेष बोलका वाटावा. येथे ज्ञान परभाषेतून आले, पण मुलापर्यंत ते त्याच्या स्वतःच्या भाषेतच पोहोचविले गेले.

तरीही शहरातील बालमंदिर खर्चाचे होते, आणि खेड्यातील गरिबाचे मूल त्याच्या बाहेरच राहिले. या विचाराने ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (सध्याच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ लाभल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला. अंगणात प्रथम मुलांची अंघोळ, नखे, केस. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साधने विकत आणण्याऐवजी चिंचोके, खडे, पाने, शंख-शिंपले गोळा केले गेले. त्यांची वर्गवारी करता करता मूल मोजू लागे, लहान-मोठे ओळखू लागे. बोटांना वळण लागले की अक्षर गिरविणे जड जात नसे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. धाकटे भावंड पाळणाघरात आल्यामुळे त्याला सांभाळणारी थोरली बहीण शाळेसाठी मोकळी झाली, हा त्या योजनेतील व्यवहारी शहाणपणा मोठा होय.

ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ विकासगटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. पोषण व लसीकरण यांचा लाभ मोठाच झाला. परंतु शिकण्याची बाजू अनेक ठिकाणी दुबळी राहिली. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचा उल्लेख होता. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयास मूलभूत हक्क मिळाला, तर सहाच्या आतील बालके ‘प्रयत्न करील’ एवढ्या शासकीय आश्वासनावर राहिली. बडोद्याच्या कायद्यातील ती जुनी सीमारेषा केवळ एका वर्षाने अलीकडे आली, असेच म्हणावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे. तो अंमलात किती उतरतो यावर पुष्कळ अवलंबून राहील.

आपल्या घरांतील स्थिती निराळी असली तरी प्रश्न दूरचा नाही. आपली नातवंडे तिसऱ्या वर्षी इंग्रजी वर्णमाला घोकतात, घरी मराठी बोलतात, आणि मराठी पुस्तक हाती दिले की अडखळतात. शाळेने मराठी शिकवावी ही अपेक्षा परप्रांतात फारशी फलद्रूप होणारी नाही. मात्र मंडळांच्या वास्तू आहेत, ग्रंथालये आहेत, निवृत्त शिक्षक आणि आजी-आजोबाही आहेत. आठवड्यातून एक तास तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मराठी गोष्टी व गाणी ऐकवावीत. त्यात आपल्या वस्तीतील घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांनाही, त्यांची भाषा कोणतीही असो, आवर्जून बोलवावे. यास मोठा निधी लागत नाही. बोर्डीच्या अंगणातही तो नव्हता.