सतरा सेंटिमीटरचा हिशोब

परवा एका आर्किटेक्ट मैत्रिणीचा फोन. "घरातल्या छोट्या टेबलावर मावेल असा कॉम्प्युटर जुळवून दे ना. पण रेव्हिट पळायला हवं हं!" म्हटलं, बाई गं, हे दुखणं फार जुनं आहे.

१९६३ साली आयव्हन सदरलँडने एमआयटीत 'स्केचपॅड' दाखवलं, तेव्हा ते चालवणारं टीएक्स-२ यंत्र खोलीभर होतं. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि ड्रॉइंग बोर्डाचं काम पीसीवर उतरलं. पण आकडेमोड एवढी, की १९८७ च्या रिलीज ९ पासून गणिताची वेगळी चिप सक्तीची झाली. १९८९ मध्ये इंटेलने ती ४८६ च्या पोटातच घातली. २००१ मध्ये व्हियाने मिनी-आयटीएक्स आणलं. अख्खा मदरबोर्ड १७ बाय १७ सेंटिमीटर!

इथेच ग्यानबाची मेख आहे. या बोर्डावर ग्राफिक्स कार्डाला एकच स्लॉट, रॅमला बहुधा दोनच. मी एकदा पैसे वाचवायला ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. वर्षभरात दोन्ही काढाव्या लागल्या.

म्हणून तिला आधी विचारलं, रेंडर कोण करतं? "ते बाहेरून करून घेते." मग प्रश्नच मिटला. रेव्हिटमधलं मॉडेलिंग बरंचसं एका कोअरच्या वेगावर चालतं. महागडं ग्राफिक्स कार्ड कापलं, पैसे वेगवान प्रोसेसर आणि ३२-३२ च्या पट्ट्यांत घातले.

१९८७ मध्येही सूत्र हेच होतं. आधी काम बघा, मग चिप.