'माका' आणि 'मला'

गिरणगावचा इतिहास लिहिताना आपण गिरण्या मोजतो, संप मोजतो. चाळीत वाढलेले मूल मात्र नजरेतून निसटते. मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईस आलेला चाकरमानी प्रथम बहुधा एकटाच असे. खोली गाववाल्यांत वाटलेली; दिवसपाळीवाला उठे तेव्हा रातपाळीवाला आडवा होई. जेवण खाणावळीत, उरलेला पगार मनिऑर्डरीने गावी. बायकामुले पुढे आली, आणि मग नवाच प्रश्न उभा राहिला : मुलाने बोलावे कसे?

घरी 'माका', शाळेत 'मला'. मे महिन्यात गावी जावे, तर तिथे ते 'मुंबईकर' ठरे. परदेशस्थ कुटुंबांतील मुलांचा असा दुभंग आपण आस्थेने वाचतो. इथे मात्र त्याला बोलीची अशुद्धता म्हणून मोकळे झालो.

१९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली आणि चारचौघांत दबकणारी बोली उजळ माथ्याने बोलली जाऊ लागली. हे ऋण मोठेच. तरी एक गोष्ट आम्हांस खटकते : मान मिळाला तो प्रामुख्याने हसवणाऱ्या मालवणीला. घरातली मालवणी रागावण्याची होती, अंगाईची होती, हिशेब न जुळण्याचीही होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला तशी अनेक कुटुंबे कोकणात परतली. शहरात कष्टाने 'मला' शिकलेली मुले आता गावच्या शाळेत बसली, आणि तिथल्या सवंगड्यांना त्यांचा 'माका' ऐकून हसू येई.