फुलांचे ठसा-जलरंग भेटकार्ड

फुलांचे ठसा-जलरंग भेटकार्ड : ठशाने उमटवलेली फुलाची आकृती जलरंगांनी रंगवून हाताने तयार केलेले घडीचे शुभेच्छापत्र. ठशामुळे चित्रकला न शिकलेल्यालाही प्रमाणबद्ध रेखाटन आयते मिळते. रंगाचे काम मात्र हातावर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणून एकाच ठशाची दोन कार्डे कधी सारखी निघत नाहीत, आणि या कार्डाचे खरे मोल त्यातच आहे.

छापलेली रेषा आणि हाताने भरलेला रंग ही जोडी जुनी आहे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलेले नाताळचे कार्ड हे विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळकार्ड मानले जाते. तेही शिळाछापावर छापून नंतर हाताने रंगवलेले होते. 1870 नंतर बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी फुलांची रंगीत शिळाछाप कार्डे लोकप्रिय केली. रबरी ठसा शक्य झाला तो रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेमुळे. चार्ल्स गुडइयर यांना तिचे अमेरिकी पेटंट 1844 मध्ये मिळाले. आता अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे पारदर्शक पॉलिमरचे ठसेही सर्रास वापरतात. ठसा नेमका कुठे पडणार हे त्यांतून दिसते. पण नवा पॉलिमर ठसा शाई धरत नाही, तेव्हा त्यावर खोडरबर हलके फिरवून घ्यावे.

कागदावर काटकसर करू नये. 300 जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर), शक्यतो सुती जलरंगाचा कागद पाणी पेलतो; पातळ कागदाला लगेच पोक येतो. खरखरीत पोताच्या कागदावर ठशाची रेषा तुटक उमटते, म्हणून कागदाखाली फोमची पातळ गादी ठेवून सगळीकडे सारखा दाब देतात. ए5 आकाराचा जाड कागद मधोमध दुमडला की ए6 आकाराचे, म्हणजे 10.5 × 14.8 सेंमी.चे कार्ड होते. चित्र त्याहून किंचित लहान तुकड्यावर काढून वर डकवणे सोयीचे, कारण रंग बिघडला तर तेवढा तुकडाच बदलता येतो.

शाईची निवड सर्वांत महत्त्वाची. पाण्याने न फुटणारी काळी शाई वापरली, तर ती पूर्ण वाळल्यावर रंग भरता येतो आणि रेषा ठळक राहते. दुसऱ्या रीतीत फिकट करड्या किंवा गुलाबी, पाण्यात विरघळणाऱ्या शाईने ठसा मारतात. ब्रश फिरताच रेषा रंगात मिसळते आणि फूल मुक्तहस्ताने काढल्यासारखे दिसते. तिसऱ्या रीतीत ओलसर शाईवर एम्बॉसिंग पावडर भुरभुरून हीट गनने वितळवतात. उठावदार रेषेचा छोटा बांध तयार होतो आणि रंग सहसा पाकळीबाहेर जात नाही. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

रंगवताना 4 किंवा 6 नंबरचा गोल ब्रश पुरतो. जास्वंदीचे फूल घेतले, तर आधी एक पाकळी स्वच्छ पाण्याने ओली करावी. पाण्याची चकाकी असतानाच देठाकडे गडद लाल रंगात बुडवलेले ब्रशचे टोक टेकवावे. रंग आपोआप कडेकडे पसरत फिका होत जातो. ही पाकळी वाळेपर्यंत शेजारची घेऊ नये, नाहीतर दोन्ही रंग एकमेकांत उतरतात. चकाकी गेल्यावर, पण कागद ओलसर असताना, पाण्याचा थेंब पडला तर फुलकोबीसारखी कातरलेली कड उमटते. पार्श्वभूमीत ती मुद्दाम आणतात, पाकळीत ती नको असते. रंग जास्त झाल्यास पिळून घेतलेल्या ब्रशने तो उचलून घेतला की उजेडाची जागा मिळते. शिरा आणि केसर शेवटी, कोरड्या कागदावर काढतात. ठशाची जोखीम थोडी, पाण्याची मोठी. पण पाकळीत जीव पाण्यानेच येतो.

महाराष्ट्रातल्या शाळांत ठसेकाम भेंडी आणि बटाट्यापासून सुरू होते. आडव्या कापलेल्या भेंडीत पाच कप्प्यांचे फूल तयारच असते; चिकट रस पुसून जाडसर रंग लावला की ते स्वच्छ उमटते. त्यामुळे दिवाळीच्या भेटकार्डासाठी विकतच्या ठशाची गरज नाही. चित्राच्या तुकड्याखालचे घडीचे कार्ड हातकागदाचे केले तर देखणे दिसते; पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून असा कागद बनवते. मात्र खळ न दिलेला हातकागद टिपकागदासारखा रंग शोषतो, त्यामुळे चित्राचा तुकडा जलरंगाच्या कागदाचाच असावा.

तयार कार्ड जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवले की सपाट होते. अस्सल अ‍ॅलिझरिन क्रिम्सन आणि बऱ्याच डाय शाया उजेडात फिकटतात. जपून ठेवायचे कार्ड टिकाऊ रंगांत करावे आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवावे.