शिस्त, चाप, घोडा : बंदुकीची दुरुस्ती आणि मराठी परिभाषा

शस्त्रांचा इतिहास लिहिताना लढाया व सेनापती यांची गणना विस्ताराने होते. परंतु शस्त्र बिघडले असता ते कोणत्या रीतीने आणि कोणत्या शब्दांच्या साहाय्याने दुरुस्त केले जाई, याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः यंत्राच्या अंगोपांगांची नावे ही प्रथम कारागिराची गरज असते. ज्या भागाला नाव नाही त्याचा दोष सांगता येत नाही, आणि दोष सांगता आला नाही तर तो दूर करता येत नाही. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्याच्या परिसरापासून आरंभ करून बंदुकीच्या मराठी परिभाषेचा विचार करावयाचा आहे.

या जिल्ह्यातील परांडा व नळदुर्ग हे दोन्ही किल्ले तोफखान्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत. मुलूखमैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद रूमी या ओतकाराने निजामशाहीसाठी ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती व तेथून १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली. तोफ गेली, पण शब्द राहिला. गर्जणाऱ्या वक्त्याला आपण आजही 'मुलूखमैदानी तोफ' म्हणतो. ओतकाराच्या नावातील 'रूमी' हे उपपद आणि मूळचा तुर्की 'तोफ' हा शब्द, दोन्ही एकाच दिशेकडे बोट दाखवितात. विद्या ज्या वाटेने आली त्याच वाटेने तिची परिभाषाही आली.

मात्र सर्वच शब्द परके नाहीत. तोफेच्या ज्या छिद्रातून बत्ती दिली जाई त्याला मराठीत 'कान' म्हणतात. शत्रूची तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात खिळा ठोकीत. वारंवार बार काढल्याने हा कान झिजून रुंद होई, दारूचा जोर त्यातून वाया जाई. मग तो भाग कोरून त्यात धातूची नवी गुडदी बसवावी लागे. जुन्या धातूत नवा तुकडा बसविण्याची ही युक्ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

हातातील बंदुकीचा विचार करू लागताच शब्दांचे तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर धनुर्विद्येचा. 'शिस्त' म्हणजे नेम. हा शब्द फारसी 'शस्त' पासून आला असून त्याचा मूळ संबंध अंगठ्याशी व प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालावयाच्या अंगठीशी आहे. नेम धरण्यातील एकाग्रता वागणुकीला लागू झाली आणि आज शाळेतील शिस्त आपणास परिचित आहे, बंदुकीची शिस्त मात्र विस्मृतीत गेली आहे. 'चाप' म्हणजे संस्कृतात धनुष्य. बंदुकीत तो बोटाने ओढावयाचा भाग झाला. तीरंदाजाच्या नमुन्यावर गोलंदाज झाला आणि तो तोफखान्यातून थेट क्रिकेटच्या मैदानावर गेला. तेथे त्याच नमुन्यावर फलंदाजही जन्मास आला.

दुसरा थर तोड्याच्या बंदुकीचा. 'जामगी' किंवा 'तोडा' म्हणजे पेटती वात, 'रंजक' म्हणजे कानावर घालावयाची बारीक दारू, 'गज' म्हणजे दारूगोळी ठासावयाची सळई. अनेक बंदुका एकदम सुटल्या म्हणजे सरबत्ती होई. आज ती केवळ प्रश्नांची होते. तिसरा थर युरोपीय संपर्काचा. 'पिस्तूल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, 'रायफल' इंग्रजांकडून.

या थरांमधून सर्वांत बोधप्रद प्रवास 'घोडा' या शब्दाचा आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा व चाप ओढताच पुढे झेपावणारा भाग तो घोडा. पुढे गारगोटी गेली आणि टोपी आली. घोडा टोपीवर आपटू लागला. त्यानंतर खटक्याची, म्हणजे बोल्टची, रायफल आली. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायझे याची सुईबंदूक स्वीकारली, तेव्हापासून आघात करणारी कांब बोल्टच्या पोटात शिरली आणि बाहेरचा घोडा अनावश्यक ठरला. पण शब्द निकामी झाला नाही. तो खाली उतरून चापाच्या जागी बसला. म्हणूनच 'घोडा दाबला' हा प्रयोग आज रूढ आहे. वस्तू लुप्त झाली असता तिचे नाव शेजारच्या वस्तूने घ्यावे, याचे याहून सुबक उदाहरण सहसा मिळणार नाही.

आता बावीस बोअरच्या जुन्या रायफलीकडे वळू. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास कडेत स्फोटक असलेले काडतूस सिद्ध केले. अमेरिकेत १८५७ मध्ये बावीसचे आखूड व १८८७ मध्ये आजचे 'लाँग रायफल' काडतूस निघाले. या काडतुसात स्फोटक बुडाच्या मध्यभागी नसून पोकळ कडेत असते. पिनेने ती कड नळीच्या काठावर चेपली म्हणजे बार उडतो. बार फुसका निघू लागला तर कारागीर क्रमाने तीन गोष्टी पाहतो : वंगण घट्ट होऊन किंवा जुनेपणाने स्प्रिंग मंद झाली आहे काय, पिनेचे टोक झिजले आहे काय, आणि बोल्ट व नळी यांमधील फट कडेच्या जाडीपेक्षा वाढली आहे काय. रिकाम्या नळीवर वारंवार चाप ओढल्यास पिनेचा आघात थेट नळीच्या काठावर होतो व तेथे खाच पडून धातू आत लोटला जातो. मग काडतूस अडकते. हा धातू कापावयाचा नसतो, योग्य मापाच्या हत्याराने परत जागेवर दाबावयाचा असतो. नेम बिघडला तर नळीचे तोंड, माशी आणि दस्त्याच्या लाकडाला नळी धरून ठेवणारे स्क्रू यांची तपासणी होते. गज नेहमी तोंडाकडून घातल्याने तोंडाची कड झिजते व गोळी भरकटते. म्हणून बोल्ट काढून मागूनच साफसफाई करणे इष्ट. चाप प्रमाणाबाहेर हलका करणे मात्र दुरुस्ती नव्हे, तो धोका होय.

तोफेच्या कानातील गुडदीची युक्ती येथे पुन्हा दिसते. इंग्लंडमध्ये पार्कर यांनी .३०३ रायफलीची झिजलेली नळी आतून कोरून तीत बावीसची नवी नळी बसविण्याची पद्धत रूढ केली. बोल्टचे तोंडही बदलावे लागे, कारण आघात मध्यावरून कडेवर न्यावयाचा असे. अशा सरावाच्या रायफली स्वस्त काडतुसांमुळे शिक्षणास सोयीच्या ठरल्या, आणि १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेतही नेमबाजीचा सराव बावीसच्या रायफलीवर होत आला.

तेच १९४८ चे वर्ष या जिल्ह्याला वेगळ्या कारणाने स्मरणात आहे. १३ सप्टेंबर रोजी सोलापुराकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग व बोरी नदीवरील पूल ताब्यात घेतला. ज्या काळात एका बाजूस रणगाडे होते, त्याच काळात रझाकारांच्या शस्त्रांत ठासणीच्या बंदुकाही होत्या. तंत्राचे युग एकामागून एक येत असले तरी जुने युग सरत नाही. ती एकाच गावात शेजारी नांदतात, आणि त्यांच्या परिभाषाही.

१८७८ च्या व पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याच्या कक्षेत आले. १९५९ च्या कायद्यानुसार व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे या विद्येचे जाणकार थोडे राहणार हेही उघड आहे, आणि जाणकार थोडे झाले की शब्द प्रथम मरतात. परिभाषा घडविताना आपण कोशाकडे व संस्कृत धातूंकडे वळतो. त्याला आक्षेप नाही. तथापि ज्या कारागिराने चाप, कान, माशी, घोडा हे शब्द शरीर, प्राणी व धनुष्य यांवरून सहज उचलले, त्याने नव्या वस्तूला जुने नाव देताना अर्थाची संगती क्वचितच सोडली. 'प्रक्षेपक-कील' असा शब्द घडविण्यापूर्वी दुरुस्तीच्या बाकावर पिनेला काय म्हणतात हे विचारून घेणे हे भाषाभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे. विचारण्यासारखी माणसे आहेत तोवरच ते पार पाडता येईल.