माटुंग्याची मोकळी पट्टी आणि आगीचा कायदा

किंग्ज सर्कलकडून फाइव्ह गार्डन्सच्या दिशेने चालत गेलं की जुन्या इमारतींमधलं अंतर डोळ्यांत भरतं. तळमजला, वर दोन मजले आणि चारी बाजूंनी मोकळी पट्टी. आता तिथे गाड्या उभ्या असतात, कुठे पाण्याचा पंप असतो, कुठे कुणी पत्र्याची शेड टाकलेली असते. आगीपासून बचावाचे जे नियम आज महाराष्ट्रात लागू आहेत, त्यांची कुळकथा सांगायची तर सुरुवात या पट्टीपासूनच करावी लागते. गंमत अशी की ती आखणाऱ्यांच्या मनात आग नव्हतीच. त्यांना धास्ती होती प्लेगची.

1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवी, नागदेवी भागातल्या अंधाऱ्या, कोंदट चाळींत माणसं पटापट मेली. दोन वर्षांनी, 1898 मध्ये, सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करायच्या आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती वसवायच्या, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याची योजना त्यातूनच आली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवेचा ध्यास घेतला होता. साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम त्यांनी लावून धरला. भूमितीत तो अगदी सोपा आहे: समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. मूळ नियम लंडनच्या बांधकाम कायद्यातला. तो मुंबईत आला आणि माटुंग्यात भाडेपट्ट्याच्या अटींत जाऊन बसला. 1933 साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण त्याने आखलेली पट्टी राहिली.

उजेडासाठी सोडलेली जागा आगीच्या वेळीही कामी येते, हे वेगळं सांगायला नको. शिडी लावायला, पाण्याची नळी ओढायला, घाबरलेल्या माणसांना उभं राहायला जागा मिळते. जिथे ती नाही तिथे काय होतं, हे काळबादेवीने दाखवलं. 9 मे 2015 रोजी गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि विझवता विझवता कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांचा त्यात बळी गेला. माझ्या मते या शहराच्या आगीच्या इतिहासात मोकळ्या जागेइतकं मोलाचं दुसरं साधन नाही. पंप आणता येतो, नळ बसवता येतो. गेलेली जागा परत मिळत नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र आग कितीतरी काळ विझवण्यापुरतीच होती. 1803 मध्ये कोटातला मोठा भाग जळाला. 1887 पासून शहरात नियमित अग्निशमन दल उभं राहिलं. 14 एप्रिल 1944 रोजी गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे 66 जवान गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. बंब, माणसं, पाणी यांचा विचार होत गेला. इमारत बांधतानाच ती आगीला कशी तोंड देईल, हा विचार मागाहून आला.

तो आला 1970 साली, राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या रूपाने. जिन्याची रुंदी किती, दरवाजा किती वेळ आग रोखेल, किती उंचीनंतर स्प्रिंकलर हवेत, हे सगळं तिच्या चौथ्या भागात आहे. 1983, 2005 आणि 2016 साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पण संहिता हा तज्ज्ञांचा सल्ला आहे. अग्निशमन सेवा आपल्याकडे राज्यांच्या आणि संविधानाच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या अखत्यारीत येते. त्यामुळे राज्याने उचलून आपल्या कायद्यात घालेपर्यंत त्या सल्ल्याला दंडाचं बळ नसतं. केंद्राने 2019 मध्ये राज्यांना आदर्श विधेयकाचा मसुदा पाठवला, तोही नमुना म्हणूनच. दिल्लीसाठी संसदेने 1986 साली कायदा केला, तिथल्या सिद्धार्थ हॉटेलच्या आगीनंतर. माणसं जळाल्यावर कायदा होतो, ही या विषयातली सर्वांत दुखरी गोष्ट.

महाराष्ट्रात संहिता दोन दारांनी आत येते. पहिलं दार नगररचनेचं. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली 1991 सालची, आताची 2034 च्या आराखड्याची. उंच इमारतीला मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला, ठरावीक मजल्यांनंतर रेफ्यूज एरिया म्हणजे आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा, बंबाला फिरता येईल अशी मोकळी जागा, हे त्यात येतं. तिच्यात बदल करायचा तर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातलं कलम 37 लागतं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना छापायची, महिन्याभरात लोकांच्या हरकती व सूचना घ्यायच्या, सुनावणी करायची, मग शासनाची मंजुरी. बारीक टाइपातल्या त्या सूचना आपण पान उलटून पुढे जातो.

दुसरं दार विधिमंडळाचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो 2007 चा तिसरा अधिनियम म्हणून नोंदला गेला आणि प्रत्यक्ष अमलात आला 6 डिसेंबर 2008 रोजी. तेव्हा 26/11 च्या दहशतवादी हल्ल्यात ताज हॉटेलला लागलेली आग विझून आठवडाच झाला होता. नियम आले 2009 मध्ये. कायदा करणं, तो लागू करणं आणि त्याचे नियम करणं या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर वर्षं जातात.

या कायद्याने एक मूलभूत गोष्ट बदलली. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी ठरली. नवी यंत्रणा बसली की परवानाधारक संस्थेने ‘नमुना अ’ द्यायचा. मग दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत आहे असा ‘नमुना ब’. सोसायटीच्या सूचनाफलकावर दिसतो तो हा कागद. पाळलं नाही तर वीज-पाणी तोडण्याचा, इमारत सील करण्याचा अधिकार अग्निशमन दलाला आहे. कायद्याला एक अनुसूचीही जोडलेली आहे: कुठल्या प्रकारच्या, किती उंचीच्या इमारतीत किमान काय हवं याचा तक्ता, संहितेवरून घेतलेला. संहिता सुधारली तरी कायद्याला शिवलेला तक्ता आपोआप बदलत नाही, त्यासाठी दुरुस्तीच लागते. 2023 साली विधिमंडळाने या अधिनियमात दुरुस्ती केली.

दुरुस्ती रखडली तर किती रखडते, याचंही उदाहरण आहे. 26/11 नंतर, फेब्रुवारी 2009 मध्ये, शासनाने मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी अग्निसुरक्षेच्या विशेष विनियमांचा मसुदा काढला. पुढे तो पडून राहिला. जनहित याचिकेवर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने राज्याला जाब विचारला, तोपर्यंत तेरा वर्षं झाली होती. एवढा उशीर अक्षम्य आहे.

आणि एका हाताने नियम घट्ट होत असताना दुसऱ्या हाताने सवलती सुटत होत्या. जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास व्हावा, रहिवाशांना हक्काचं घर मिळावं, हा हेतू चांगलाच. पण लहान प्लॉटवर टॉवर बसवायचा तर पहिला घाव मोकळ्या जागेवर पडतो. टॉवरच्या पायथ्याचे पोडियम हद्दीपासून दीड मीटरवर येऊ लागले. हा वाद दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2013 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की बंबाला फिरायला दीड मीटर पुरत नाही, सहा मीटर हवेत. आणि नियमाने लागणारं किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं, पोडियमवर चालणार नाही. ऑरसाहेबांचा उजेडाचा नियम जे काम नकळत करत होता, तेच काम शंभर वर्षांनी न्यायालयाला बंबाच्या नावाने पुन्हा मागावं लागलं.

माटुंग्यापासून हिंदमाता परिसर फार लांब नाही. 22 ऑगस्ट 2018 रोजी तिथल्या क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चार माणसं गेली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, आग विझवण्याची यंत्रणा बंद होती. त्याआधी आठ महिने, 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा जण गेले. तेव्हा अधिनियम लागू होऊन नऊ वर्षं झाली होती. जानेवारी आणि जुलै दर वर्षी येऊन गेले होते.

माटुंग्यात आता एकेक तीनमजली इमारत पाडली जाते आहे आणि तिच्या जागी वीस-पंचवीस मजले चढत आहेत. जुन्या घरात राहणाऱ्याला जिना उतरला की अंगण होतं. नव्या घरात त्याचा जीव रायझरच्या उभ्या नळातल्या पाण्याच्या दाबावर, जिन्याच्या बंद राहणाऱ्या आग-दरवाजावर आणि सामान न भरलेल्या रेफ्यूज एरियावर अवलंबून आहे. हा बदल रहिवाशांना कुणी समजावून सांगत नाही, याची मला काळजी वाटते. पुनर्विकासाच्या सभेत कार्पेट एरियावर तास-तास चर्चा होते. इमारतीभोवती बंब फिरेल का, हा प्रश्न एखादाच विचारतो.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. पुनर्विकासाचा नकाशा समोर आला की आधी मोकळी जागा मोजा. जानेवारी आणि जुलैमध्ये सेक्रेटरींकडे ‘नमुना ब’ मागा, आणि तो देणाऱ्या संस्थेच्या माणसाला तुमच्या मजल्यावरचा नळ उघडून पाणी दाखवायला सांगा. आणि वर्तमानपत्रात हरकती व सूचनांची जाहिरात दिसली तर महिन्याच्या आत दोन ओळी लिहून पाठवा. तो अधिकार कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.