पोकलेनचं कूळ

शेततळं खोदायचं ठरलं की गावात पहिला प्रश्न निघतो तो हा: जेसीबी लावायचा का पोकलेन? विचारणाऱ्याला दोन्हीतला फरक नीट माहीत असतो. जेसीबी टायरवर चालतो, पुढे रुंद बकेट, मागे खोदायचा हात. तालुक्याहून डांबरी रस्त्यानं स्वतः पळत येतो. पोकलेन चेनवर असतं, कॅबिनसकट जागच्या जागी पूर्ण गोल फिरतं आणि ट्रेलरवर चढून येतं. घराचा पाया, पाइपलाइनची चारी, शेणखत भरणं ही जेसीबीची कामं. कठीण मुरूम, मांजऱ्या खडक, नाला खोलीकरण, तलावातला गाळ इथं पोकलेनच लागतं.

दोन्ही मुळात कंपन्यांची नावं, पण मराठीनं ती दोन जातींच्या यंत्रांना देऊन टाकली. ही वाटणी इतकी पक्की आहे की जेसीबी कंपनी चेनवरचं खोदयंत्र विकते, त्याला आपल्याकडे ‘जेसीबीचं पोकलेन’ म्हणतात. ऐकणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही.

जेसीबीचं मूळ सर्वांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसानं 1945 साली अटॉक्सेटर गावातल्या भाड्याच्या गॅरेजात महायुद्धातल्या उरलेल्या सामानापासून ट्रॉली बनवली. पुढच्या दशकात ट्रॅक्टरला पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात जोडण्याची कल्पना त्याच्या कारखान्यानं बाजारात रुजवली. भारतात हे यंत्र 1979 पासून एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगढला बनू लागलं. जेसीबी ही बॅमफर्डच्या नावाची आद्याक्षरं.

पोकलेनची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हील नावाचं गाव आहे. 1927 साली जॉर्ज बाताय या माणसानं तिथं शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. (याच नावाचा एक प्रसिद्ध फ्रेंच लेखक होता, तो वेगळा.) कारखान्याचं नाव पोक्लँ. भोवती शेतीचा मुलूख, गिऱ्हाईक शेतकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनी खोदाईच्या यंत्रात हात घातला.

तोवरची मोठी खोदयंत्रं तारेच्या दोरावर चालत. इंजिनानं ड्रम फिरायचा, दोर गुंडाळला जायचा, बकेट ओढली जायची. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे यंत्र उभं आहे त्या पातळीच्या खाली खणताना दात जमिनीत घुसायचे ते मुख्यतः बकेटच्या वजनानं. पोक्लँनं दोर काढून तेल आणलं. पंपानं दाबलेलं तेल सिलिंडरमध्ये एका बाजूनं सोडलं की दांडा बाहेर येतो, दुसऱ्या बाजूनं सोडलं की आत जातो. म्हणजे तोच दांडा ओढतोही आणि ढकलतोही. बकेटला मनगट मिळालं. आता ती दात रोवून, स्वतःकडे वळवून, खडकाची कपची उचकटू शकत होती. असं पहिलं यंत्र 1951च्या सुमाराला आलं. 1961 साली टीवाय 45 आलं, पूर्ण गोल फिरणारं, आणि त्यानं कंपनीचं नाव जगभर नेलं. ते रबरी टायरवर होतं हे आज मराठी माणसाला सांगितलं तर पटणार नाही, कारण आपल्या लेखी चेन नाही ते पोकलेनच नाही.

भारतात हे नाव आलं लार्सन अँड टुब्रोच्या हातून. दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938 साली मुंबईत सुरू केलेली ही कंपनी माती हलवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात चाळीसच्या दशकापासूनच होती. आधी कॅटरपिलरची यंत्रं विकत होती. सत्तरच्या दशकात तिनं फ्रेंच कंपनीशी करार करून हायड्रॉलिक खोदयंत्रं इथंच बनवायला घेतली. त्यातलं चेनवरचं 90 सीके हे मॉडेल धरणं, कालवे, खाणी, रस्ते अशा कामांवर देशभर गेलं. यंत्रावर नाव होतं पोकलेन, आणि तशा जातीचं दुसरं काही लोकांच्या पाहण्यात फारसं नव्हतं. ऑपरेटरनं ते हेल्परला सांगितलं, हेल्परनं गावाला. तमिळ आणि तेलुगू वर्तमानपत्रांतही हे नाव थोड्याफार फरकानं आजही छापून येतं.

पुढे मूळ कंपनीच्या खोदयंत्रांचा धंदा अमेरिकेच्या केस कंपनीकडे गेला. पोक्लँच्या नावानं आज हायड्रॉलिक मोटारी आणि पंप बनतात, खोदयंत्रं नाहीत. एल अँड टीनंही 1998 साली जपानच्या कोमात्सुशी भागीदारी केली. यंत्रावरची अक्षरं बदलली, तरी नाव लोकांच्या तोंडी राहिलं.

लिहायचं कसं यावर एकमत नाही. पोकलेन, पोकलॅन, पोकलँड, सगळं छापून येतं. पोकलँड हे ‘लँड’ म्हणजे जमीन या ओळखीच्या शब्दाकडे ओढलं गेलेलं रूप. त्याला अडाणी म्हणणारे लोक मला भेटलेत आणि मला ते मान्य नाही. फ्रेंच उच्चारात शेवटचा स्वर ‘ए’ नाही, नाकातून येणारा ‘अँ’सारखा आहे. इंग्रजी अक्षरं वाचून केलेल्या ‘पोकलेन’पेक्षा ट्रेलरवाल्याचं ‘पोकलँ...’ त्या गावच्या उच्चाराच्या जास्त जवळ जातं. लिंगाचंही तसंच: कुठं पोकलेन आला, कुठं आलं, कुठं आली. ज्याला जे जिभेवर आहे ते त्यानं म्हणावं.

या यंत्राबरोबर खोदाईचं मापही बदललं, आणि मला हा बदल शब्दापेक्षा मोठा वाटतो. मातीकाम पूर्वी ब्रासवर मोजत; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 1972च्या दुष्काळात पाझर तलावांवर खपलेल्या माणसांचं काम खड्डा मोजून ठरायचं. खणताना मधे मूळ जमिनीचा एक खुंट राखून ठेवत, त्याच्या उंचीवरून खोली कळे. वडार समाजाच्या कित्येक पिढ्यांनी पहार, टिकाव, घमेल्यावर या मापानं पोट भरलं. आता हिशोब तासावर असतो. सीटजवळच्या मीटरवर आकडा बघून ठेवायचा, संध्याकाळी परत बघायचा. ताशी किती, डिझेल कुणाचं, ब्रेकर लावला तर दर कोणता, ट्रेलरचं येणं-जाणं कुणाकडे, हे आधी बोलून घ्यायचं. नाम फाउंडेशननं गावांना यंत्रं पुरवली तेव्हाही गावकरी ‘पोकलेनचे तास’ असंच बोलत.

तासावर पैसे जातात म्हणून ऑपरेटरचा हात महत्त्वाचा. डाव्या दांड्यानं कॅबिन फिरते आणि मधला हात लांब-आखूड होतो. उजव्यानं बूम वर-खाली होतो आणि बकेट वळते. चांगला ऑपरेटर या चारही हालचाली एकदम करतो. बकेट भरून वर येत असतानाच कॅबिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे वळलेली असते. नवखा एकेक हालचाल सुटी सुटी करतो आणि मीटर पळत राहतो. डांबरी रस्ता ओलांडायची वेळ आली की जुने टायर रस्त्यावर आडवे टाकतात, त्यावरून चेन चालवतात, मागचे टायर उचलून हेल्पर पुन्हा पुढे टाकतो. चेननं डांबर उखडू नये म्हणून ही खटपट. वीस फुटांच्या रस्त्याला चांगला वेळ जातो आणि मोटारसायकलवाले दोन्ही बाजूंना थांबून बघत राहतात.

आज हे यंत्र टाटा हिताचीचं असतं, कोमात्सुचं असतं, चाकणच्या कारखान्यातून निघालेलं ह्युंदाईचं किंवा सॅनीचं असतं. मालक विकायला काढतो तेव्हा जाहिरातीत कंपनी, साल आणि मीटरवरचे तास देतो, आणि वस्तूचं नाव म्हणून पोकलेनच लिहितो. द्राक्षाच्या दोन ओळींत शिरणारं लहान यंत्र बाजारात आलं, त्याचंही नाव ठरवायला कुणाला बसावं लागलं नाही. ते मिनी पोकलेन झालं.